फोनचा परवाना आणि हयातीचा दाखला

नोव्हेंबर जवळ आला की आम्हा पेन्शनरांचे एकमेकांना फोन सुरू होतात. "बँकेत यादी आली का हो?" यादी म्हणजे हयातीच्या दाखल्याची. दर वर्षी नोव्हेंबरात बँकेत जायचं, आपल्या नावासमोर सही करायची आणि आपण जिवंत आहोत असं सरकारला कळवायचं. मी २००८ साली निवृत्त झाले, तेव्हापासून दर वर्षी कळवते आहे. एका वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून जायचं राहिलं, तर पुढची पेन्शन अडकली. घरात बसून मी चहा पीत होते, पण कागदावर नव्हते.

आज लिहायचंय ते मात्र पेन्शनबद्दल नाही. अमेरिकेत परदेशी फोन लावून देणाऱ्या कंपन्यांना सरकारकडून जो परवाना घ्यावा लागतो, त्याबद्दल लिहायचं आहे. हसू नका मंडळी. मराठी आणि इतिहास शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईला हे कुठून सुचलं, ते सांगते.

२००९ च्या उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी मी न्यू जर्सीत एडिसनला गेले होते. इकडे कराडला अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आजारी होता. निघताना पाया पडायला गेले तर म्हणाला, "जा तू. रोज फोन कर म्हणजे झालं." तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप वगैरे आमच्या घरात आलं नव्हतं. घरच्या फोनवरून थेट भारतात बोलायची सोय घेतलेली नव्हती, कारण ती महाग पडायची. त्यासाठी असायचं कॉलिंग कार्ड. ओक ट्री रोडवरच्या आपल्या लोकांच्या दुकानात डाळ-तांदळाशेजारीच ही कार्डं लटकवलेली असत. पाच डॉलरचं कार्ड घ्यायचं, नाण्यानं मागची पट्टी खरवडायची, आधी एक फुकटचा नंबर फिरवायचा, मग खरवडून निघालेला आकडा, मग कराडचा नंबर. एक बाई गोड आवाजात किती मिनिटं उरली ते सांगायची. ती मिनिटं खरी नसत, हे आम्हाला आठवड्याभरात कळलं. फोन जोडल्याचे पैसे वेगळे, कार्ड वापरात ठेवल्याचे वेगळे. (२००८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं अशा काही कार्डवाल्यांना मिनिटांच्या खोट्या जाहिरातींबद्दल कोर्टात खेचलं होतं, हे मला फार नंतर समजलं.) पण एवढं असूनही ते स्वस्त होतं. त्या कार्डांमुळेच महिनाभर मी अण्णाशी रोज बोलू शकले, हेही सांगायला हवं.

जूनमधली गोष्ट. अण्णाला दवाखान्यात ठेवलं होतं. दोन दिवस तो बोलतच नव्हता. तिसऱ्या दिवशी वहिनीचा निरोप आला की आज जरा हुशारी आहे, सारखं तुमचं नाव घेतायत, संध्याकाळी आठला फोन करा. तिथले रात्रीचे आठ म्हणजे एडिसनला सकाळचे साडेदहा. लेक आणि जावई बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. मी नवं कार्ड खरवडलं, नंबर फिरवला. गोड आवाजाची बाई नव्हती. दुसराच कुणीतरी सांगत होता की हा नंबर आता सेवेत नाही. मला वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा फिरवला. चष्मा पुसून एकेक आकडा मोठ्यानं म्हणत फिरवला. जवळजवळ दीड तास हे चाललं होतं. लेकीचा मोबाइल बंद. मंडळी दीडच्या सुमारास घरी आली आणि जावयांनी त्यांच्या मोबाइलवरून थेट फोन लावून दिला, तेव्हा कराडला रात्रीचे अकरा वाजले होते. वहिनी म्हणाली, "बराच वेळ वाट बघितली त्यांनी. आत्ताच डोळा लागलाय. उद्या बोला वन्सं."

पहाटे अण्णा गेला.

चार दिवसांनी मी त्या दुकानात गेले. गल्ल्यावरच्या माणसानं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "मासी, वो कंपनी तो बंद हो गयी." आणि दुसरं कार्ड पुढे केलं. पैसे घेतले नाहीत, हे त्याच्या बाजूनं सांगते.

जुनं कार्ड मी टाकलं नाही. माझ्या वहीत अजून आहे. त्याच्या मागं मुंगीएवढ्या अक्षरात एका कंपनीचं नाव आहे, ते मी इथे लिहीत नाही.

पुढे लेकीनं एका वकिलांच्या कचेरीत कागदपत्रांचं काम धरलं. फोन कंपन्यांचे अर्ज भरून देणं हा त्या कचेरीचा एक धंदा. एकदा ती सहज म्हणाली, "आई, तुझ्या त्या कार्डवाल्यांनापण असाच अर्ज भरावा लागला असणार." मी म्हटलं, दाखव बघू. माझं इंग्रजी बीएपुरतं, तेही मराठी माध्यमातलं. शब्दकोश घेऊन बसले आणि वेळ भरपूर होता म्हणून त्या नियमांचं मराठी करायलाच घेतलं. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासाव्यात तसं लाल पेन हातात धरून.

तर त्याचं नाव कलम २१४. कायदा १९३४ चा, ज्या कायद्यानं तिथलं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, स्थापन झालं तोच. अमेरिकेतून परदेशी फोनची सेवा सर्वांना विकायची असेल तर या कलमाखाली आयोगाची परवानगी लागते. मला गंमत वाटली ती त्याच्या भाषेची. 'लाइन' टाकणं, 'लाइन' वाढवणं, लोकांची सोय आणि गरज. हे फोनचं बोलणं वाटत नाही, रेल्वेचं वाटतं. आणि ते खरोखरच रेल्वेचं आहे! रेल्वे कंपन्यांसाठी १९२० साली केलेल्या कायद्यातली कल्पना उचलून १९३४ मध्ये टेलिफोनला लावली. एकाच गावाला दोन कंपन्यांनी उगाच दोन रूळ टाकू नयेत आणि तो खर्च गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये, हा मूळ हेतू. त्याच कलमाखाली पुढे अशी कार्डवाली कंपनी आली, जिच्याकडे स्वतःची तार म्हणून हातभरसुद्धा नसते. मोठ्या कंपनीकडून मिनिटं घाऊक घ्यायची आणि किरकोळ विकायची. अर्जात तशी सोयच आहे: स्वतःच्या तारांवर चालवणार की दुसऱ्याची सेवा पुन्हा विकणार, ते सांगा.

अर्ज काय विचारतो? नाव, पत्ता, कंपनी कुठल्या राज्यात नोंदवली. दहा टक्के किंवा त्याहून जास्त मालकी कुणाकडे, ते कुठल्या देशाचे नागरिक, त्यांचा मुख्य धंदा काय. परदेशातल्या कुठल्या फोन कंपनीशी तुमचं नातं आहे का. तिथल्या बड्या कंपनीकडून खास सवलत घेणार नाही अशी हमी. आणि एक हमी अशी की अर्जदाराला १९८८ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली सरकारी लाभ नाकारलेले नाहीत. हे वाचून मी लेकीला विचारलं, "फोनचा आणि गांजाचा काय संबंध गं?" ती म्हणाली, "आई, अर्ज भरणारे विचारत नाहीत. सही करतात." हे मात्र मला पटलं. शाळेत आम्हीही असल्या किती हमीपत्रांवर सह्या ठोकल्या असतील!

पूर्वी देश एकेक करून मागावे लागत. १९९६ मध्ये नियम सैल झाले आणि एकाच अर्जावर जवळजवळ सगळं जग मिळू लागलं. (क्यूबा वगळून. क्यूबा त्या वगळलेल्या यादीतून २०१६ मध्ये बाहेर आला.) अर्ज साधा असेल तर आयोग तो आल्याची जाहीर सूचना काढतो आणि कुणी हरकत घेतली नाही तर चौदा दिवसांनी परवाना मिळून जातो. चौदा दिवस! आमच्याकडे एका शिक्षकाच्या वैयक्तिक मान्यतेचा कागद किती महिने फिरायचा ते जुन्या सहकाऱ्यांना विचारा.

पण साधा असेल तर, हं. मालकीत परदेशी हात दिसला तर तो अर्ज न्याय, संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षा या खात्यांकडे जातो. चायना मोबाइलच्या अमेरिकेतल्या शाखेनं २०११ मध्ये अर्ज केला आणि तो २०१९ च्या मे महिन्यात नाकारला गेला. आठ वर्षं. चायना टेलिकॉमच्या अमेरिकी शाखेचा तर मिळालेला परवाना २०२१ मध्ये काढून घेतला. या सुरक्षेच्या तपासणीला ठरलेली मुदतच नव्हती. २०२० च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं ती घालून दिली, पहिल्या फेरीला १२० दिवस आणि लागलीच तर दुसरीला ९०.

अजून एक गोष्ट मला फार आवडली. तिथे १९८० पासून कागदपत्रं कमी करण्याचाच एक कायदा आहे, १९९५ मध्ये तो सुधारला. सरकारी खात्याला लोकांकडून माहिती मागवायची असेल तर आधी जाहीर करावं लागतं की ही माहिती कशाला हवी, किती जणांना भरावी लागेल आणि एकेकाचे किती तास जातील. लोकांची मतं मागवायची. मग दुसऱ्या कचेरीची मंजुरी घ्यायची आणि मंजुरीचा क्रमांक अर्जावर छापायचा. तो क्रमांक नसेल तर अर्ज भरला नाही म्हणून कुणाला दंड करता येत नाही. एफसीसीचा हा २१४ चा अर्जसुद्धा त्याच चाळणीतून वेळोवेळी जातो. आता कल्पना करा, पंचायत समितीतून 'आज दुपारी चारपर्यंत तक्ता क्रमांक सात तीन प्रतींत' असा निरोप आलाय आणि मुख्याध्यापक विचारतायत, साहेब, याचा मंजुरी क्रमांक काय? किती तास धरलेत? मी एकटीच मोठ्यानं हसले.

आपल्याकडचंही थोडं सांगते, कारण फोन कराडला पोचायचा तर दुसरं टोक आपल्याकडचं. ३१ मार्च २००२ पर्यंत परदेशी फोनची मक्तेदारी व्हीएसएनएलची होती. दुसऱ्या दिवशीपासून ती खुली झाली. पण प्रवेशाचं शुल्क किती, तर पंचवीस कोटी रुपये! २००६ पासून ते अडीच कोटींवर आणलं. म्हणजे आपण दारात पैशाची भिंत घातली आणि त्यांनी कागदाची. आपल्या त्या परवान्याला मुदत होती वीस वर्षांची. त्यांच्या परवान्याला मुदतच नाही. एकदा मिळाला की मिळाला.

आणि इथेच माझं लाल पेन थांबलं.

हे परवाने जाहीर असतात. लेकीला म्हटलं, कार्डावरचं नाव शोध. तिनं पाच मिनिटांत शोधलं. त्या परवान्याच्या क्रमांकातच अर्जाची तारीख असते, जनरल रजिस्टरातल्या जन्मतारखेसारखी. साल होतं २००५. अर्ज, जाहीर सूचना, मंजुरी, सगळं शिस्तीत. मालकाचं नाव, टक्केवारी, अमली पदार्थांची हमी. त्यानंतर एकही कागद नाही. कंपनी जूनमध्ये बंद पडल्याचा कागद नाही, नवा पत्ता नाही, काही नाही. परवाना मात्र तसाच उभा. जी कंपनी मी दीड तास फोनवर शोधत होते, ती सरकारदरबारी पुढची चौदा वर्षं धडधाकट होती.

शाळेत जनरल रजिस्टर असतं, ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. मूल दाखल झालं की एक ओळ. त्याच ओळीत शेवटी रकाना असतो, शाळा सोडल्याचा दिनांक आणि कारण. हा रकाना रिकामा राहू द्यायचा नाही, हे आमच्या पहिल्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. रकाने रिकामे राहिले, किंवा मुद्दाम ठेवले, की काय होतं ते ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पटावर मुलं आणि वर्गात बाकं.

असं नाही की तिथे नियम नव्हता. सेवा बंद करायची तर ग्राहकांना आधी लेखी कळवलं पाहिजे असा नियम आहे, मी त्याचंही मराठी केलंय. पण मला कोण कळवणार? मी वाण्याच्या दुकानातून पाच डॉलरला कार्ड घेतलेलं. माझं नाव कंपनीला ठाऊक नव्हतं आणि कंपनीचं नाव मला नीट वाचता येत नव्हतं. २०२० च्या नियमांत आणखी एक भर पडली. आता अर्जदारानं अमेरिकेत राहणारा, तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असलेला एक माणूस नेमून द्यावा लागतो, कायदेशीर मागणी आली तर उत्तर द्यायला. हे वाचल्यावर क्षणभर वाटलं, असा माणूस तेव्हा असता तर! लेक म्हणाली, "आई, तो तुझ्यासाठी नाही. तो सरकारसाठी आहे."

एक तक्ताही होता. कंपन्या दर वर्षी आयोगाला कळवत की कुठल्या देशाला किती मिनिटं फोन झाले. ही पद्धत २०१७ मध्ये बंद केली. २००९ च्या तक्त्यात भारतासमोर जो भला मोठा आकडा असेल त्यात माझ्या मे महिन्यातल्या मिनिटांचा काहीतरी दाणा असणार. त्या साडेदहा वाजताची मिनिटं त्यात नाहीत. जो फोन लागला नाही त्याला रकाना नसतो.

शेवटी एप्रिल २०२३ मध्ये आयोगानं ठरवलं की सगळ्या परवानाधारकांनी एकदा आपली मालकीची माहिती नव्यानं कळवावी. परवाने दिले तेव्हा मालक कोण होते ते माहीत, आज कोण आहेत ते धड माहीत नाही, आणि कितीजण अजून धंदा करतात तेही नाही, अशी ती अवस्था होती. उत्तर आलं नाही तर परवाना रद्द. शेवटची तारीख जानेवारी २०२४ ची होती. यापुढे परवान्याचं दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावं, असा प्रस्तावही त्याच वेळी मांडला. त्या वर्षी लेकीच्या कचेरीत नुसती धांदल होती. जुन्या गिऱ्हाइकांना पत्रं गेली, त्यातली कितीतरी पत्ता सापडत नाही म्हणून परत आली. ती व्हिडिओवर थकून मला सांगत होती (हे असं ॲपवरून ॲपवर बोलायला तो परवाना लागत नाही, ही आणखी एक मौज) आणि मी इकडे म्हणत होते, "म्हणजे हयातीचा दाखलाच मागितला की!" तिला हयातीचा दाखला समजावून सांगावा लागला. मग तीही हसली.

मला विचाराल तर चौदा दिवसांत परवाना दिला याचा मला राग नाही. तो तसा मिळत गेला म्हणून तर ढीगभर कंपन्या आल्या, दर पडले आणि माझ्यासारखीला रोज भावाशी बोलता आलं. दारावर पंचवीस कोटी मागितले असते तर ते कार्डही नसतं. कागद जास्त मागितले असते तरी माझा फोन लागला असता असं नाही. पण कधीतरी, चार-पाच वर्षांतून एकदा, आहात का हो अजून, एवढं कुणी विचारायला हवं होतं. आमच्या अण्णाच्या बाबतीत वहिनीला दुःख करायलाही सवड मिळाली नाही. मृत्यूचा दाखला, कोषागाराचा अर्ज, कुटुंबनिवृत्तिवेतनाचे फोटो, दोन साक्षीदार. पंधरा दिवसांत कागदोपत्री अण्णा पुरता गेला होता. आणि त्याच जूनमध्ये बंद पडलेली ती कंपनी जिवंत.

असो. हे सगळं आत्ता आठवायचं कारण, तेव्हा जन्मलेला नातू यंदा सुट्टीत इकडे आला होता. माझी वही चाळताना त्याला कार्ड सापडलं. "आजी, हे काय आहे?" मी सांगितलं. त्यानं खरवडलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "यात किती मिनिटं उरलीत?" मी म्हटलं, सगळी.

पुढच्या आठवड्यात बँकेत जायचं आहे. वहिनीलाही घेऊन जाणार आहे. तिचे अंगठे आता मशीनवर उमटत नाहीत, गेल्या वर्षी तीनदा पुसून लावले तरी नाही. शेवटी साहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि रजिस्टर पुढे सरकवलं. तिनं सही केली. अण्णानंच शिकवलेली सही आहे ती, जरा तिरकी.